पिएर मेशँ : पृथ्वीचें माप घेणारा ज्योतिषी

कापडाच्या दुकानांतील मीटरची लोखंडी पट्टी, दप्तरांतील सेंटिमीटरच्या खुणांची फूटपट्टी आणि क्रीडांगणावरील शंभर मीटरांची शर्यत ह्या गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांच्या इतक्या परिचयाच्या आहेत कीं, मीटर म्हणजे एवढीच लांबी कां, ती कोणीं ठरविली व कशावरून ठरविली, हा प्रश्न त्यांच्या मनांत क्वचितच उभा राहतो. ही लांबी कोणा राजाच्या हातावरून अथवा पावलावरून घेतलेली नाहीं. ती प्रत्यक्ष पृथ्वीच्या अंगावरून घेतली गेली. आणि ती घेण्यासाठीं ज्या दोन ज्योतिष्यांनीं सात वर्षें डोंगर, किल्ले व मनोरे पालथे घातले, त्यांपैकीं एकाचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों. त्याचें नांव पिएर मेशँ. त्याच्या चरित्रांत जसा अपार उद्योग आहे तसें एक मोठें दुःखही आहे, आणि तें दुःख विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगें आहे.

मेशँ ह्याचा जन्म फ्रान्सच्या उत्तर भागांतील लाँ ह्या गांवीं 16 ऑगस्ट 1744 रोजीं झाला. बाप गिलाव्याचें काम करणारा कारागीर होता. मुलाची गणितांतील बुद्धि पाहून त्याला पॅरिस येथें पाठविण्यांत आलें. परंतु पैशाच्या अभावीं त्याचें शिक्षण मध्येंच खुंटलें व शिकवण्या करून त्याला पोट भरावें लागलें. पुढें लालांद ह्या प्रख्यात ज्योतिष्याची त्याच्यावर मर्जी बसली व त्याच्या शिफारशीनें आरमाराच्या नकाशाखात्यांत त्याला नोकरी मिळाली. दिवसा नकाशे काढावे आणि रात्रीं दुर्बिणीला डोळा लावावा, असा त्याचा क्रम सुरू झाला. 1781 ह्या एका वर्षांत त्यानें दोन नवे धूमकेतु शोधून काढले. पुढच्याच वर्षीं फ्रान्सच्या विज्ञानपरिषदेनें त्याला आपला सभासद करून घेतलें. आज एंकेच्या नांवानें प्रसिद्ध असलेला धूमकेतु 1786 सालीं प्रथम मेशँच्याच दृष्टीस पडला होता. हा मनुष्य स्वभावानें अबोल, भिडस्त व पराकाष्ठेचा काटेकोर होता. एकदां घेतलेला वेध पुनःपुन्हा घेतल्यावांचून त्याला चैन पडत नसे.

त्या काळीं फ्रान्सांत वजनामापांचा केवढा गोंधळ होता, ह्याची कल्पना आमच्या वडील माणसांना सहज येईल. कारण कच्चा शेर निराळा, पक्का निराळा आणि पायलीचें माप गांवागणिक बदलणारें, हें त्यांनीं ऐकलेलें किंवा पाहिलेलें आहे. फ्रान्सांत मापांचीं नांवें सुमारें 800 होतीं. परंतु एकाच नांवाचें माप निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या आकाराचें असल्यामुळें प्रत्यक्षांत सुमारें अडीच लक्ष मापें चालत असत. जमीनदार आपल्या मापानें धान्य घेई, आणि तें माप मोठें असल्याची तक्रार कुळांनीं करावी तरी कोणाकडे? 1789 ची राज्यक्रांति झाली तेव्हां सर्व राष्ट्राला एकच माप असावें, अशी प्रजेची जुनीच मागणी होती.

माप एक असावें ह्याविषयीं वाद नव्हता; कोणतें असावें ह्याविषयीं मात्र पुष्कळ झाला. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, बरोबर एका सेकंदांत एक हेलकावा घेणाऱ्या लंबकाची लांबी हें माप धरावें. हें स्वस्त व सोपें होतें, आणि इंग्लंड व अमेरिका ह्या देशांतील जाणत्यांनाही तें पसंत होतें. परंतु लंबकाची गति स्थळपरत्वें बदलते, आणि सेकंद हा तरी दिवसाचा माणसानें पाडलेला भाग. तेव्हां एका मापासाठीं दुसऱ्या मापाचा आश्रय कां घ्यावा, असा दुसऱ्या पक्षाचा आक्षेप होता. बोर्दा, लाग्रांज, लाप्लास, मोंज व कोंदोर्से ह्या पांच पंडितांच्या समितीनें मार्च 1791 मध्यें निर्णय दिला कीं, उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटिवा भाग म्हणजे मीटर. पृथ्वी सर्व राष्ट्रांची आहे, म्हणून तिच्यावरून घेतलेलें माप सर्व राष्ट्रें मान्य करतील, अशी त्यांची आशा होती. ह्यावर अमेरिकेचे जेफर्सन ह्यांनीं एक मार्मिक शंका काढली. समितीनें मोजणीसाठीं निवडलेली रेषा बहुतेक सारी फ्रान्सांतूनच जात होती. मग इतर राष्ट्रांनीं तिची पडताळणी करावी कशी? ही शंका अगदींच निराधार नव्हती, आणि इंग्लंड व अमेरिका दोन्ही देश ह्या कार्यापासून दूर राहिले.

सबंध अंतर मोजणें कोणासही शक्य नव्हतें. म्हणून फ्रान्सच्या उत्तर टोकाचें डंकर्क आणि स्पेनमधील बार्सिलोना ह्यांमधील सुमारें साडेनऊ अंशांची उत्तरदक्षिण रेषा मोजावी व तिच्यावरून उरलेलें गणितानें काढावें, असें ठरलें. रीत अशी कीं, डोंगरांचीं शिखरें, किल्ले व देवळांचे मनोरे हे बिंदु धरून त्रिकोणांची एक लांब सांखळी रचावयाची. एका त्रिकोणाची एक बाजू जमिनीवर पट्टीनें मोजली म्हणजे पुढें नुसते कोन मोजीत गेल्यानें सर्व बाजू हिशेबानें निघतात. शेवटीं दोन्ही टोकांचे अक्षांश ताऱ्यांच्या वेधावरून काढले कीं अंश किती व अंतर किती हें दोन्ही हातीं येतें. उत्तरेकडील काम देलांब्र ह्याच्याकडे व दक्षिणेकडील, रोदेझपासून बार्सिलोनापर्यंतचें, मेशँकडे सोंपविलें गेलें. मेशँचा प्रांत लांबीनें कमी होता, परंतु त्यांत पिरेनीज पर्वताच्या रांगा होत्या आणि स्पेनच्या भूमींत पूर्वीचें कांहींच मापन झालेलें नव्हतें.

जून 1792 मध्यें मेशँ पॅरिसहून निघाला. राज्यक्रांतीची धामधूम चालू असल्यामुळें वाटेंतच लोकांनीं त्याला अडविलें. गाडींतील विचित्र यंत्रें पाहून हा कोणी हेर असावा असा त्यांना संशय आला. त्यांतून सुटून तो बार्सिलोना येथें पोंचला. त्या शरद् ऋतूंत त्यानें कातालोनियांतील डोंगरांवरून त्रिकोण पुरे केले व हिवाळ्यांत शहरालगतच्या मॉंजुईक किल्ल्यावरून ताऱ्यांचे असंख्य वेध घेऊन तेथील अक्षांश निश्चित केले. काम अपेक्षेपेक्षां लवकर झालें होतें व फळ पॅरिसला कळविलेंही होतें.

येथून त्याचें दैव फिरलें. मार्च 1793 मध्यें फ्रान्स व स्पेन ह्यांच्यांत युद्ध जुंपलें. त्याच सुमारास एका वैद्यमित्राबरोबर पाणी चढविण्याचें एक नवें यंत्र पाहावयास तो गेला असतां यंत्राच्या दांड्याचा जबर तडाखा त्याला बसला. बरगड्या मोडल्या, गळ्याजवळचें हाड चुरलें आणि तीन दिवस तो बेशुद्ध होता. तो वांचला, परंतु उजवा हात कित्येक महिने निकामी झाला. शत्रुराष्ट्राचा मनुष्य म्हणून त्याला देश सोडण्याची परवानगी मिळेना व किल्ल्यावर पाऊल टाकण्याचीही मनाई झाली. रिकामें बसणें ठाऊक नसलेल्या ह्या माणसानें 1793-94 च्या हिवाळ्यांत शहरांतील आपल्या उतारशाळेच्या गच्चीवरून पुन्हा अक्षांशांचे वेध घेतले. किल्ला तेथून जवळच; तेव्हां दोहोंमधील अंतर हिशेबांत धरलें म्हणजे दोन्ही उत्तरें जुळावयास हवीं होतीं. तीं जुळलीं नाहींत. फरक तीन विकलांहून थोडा अधिक निघाला.

तीन विकला म्हणजे किती? एका अंशाच्या साठ कला व एका कलेच्या साठ विकला. जमिनीवर हा फरक सुमारें 100 मीटर भरतो. सामान्य नकाशाला त्याचें कांहींच नाहीं. परंतु साऱ्या जगासाठीं कायमचें माप ठरविण्यास निघालेल्या मनुष्याला ह्यामुळें अन्न गोड लागेनासें झालें. त्यानें आंकडे पुनःपुन्हा तपासले, चूक सांपडेना. किल्ल्यावर जाऊन पुन्हा वेध घ्यावे तर मार्ग बंद. अशा वेळीं ही गोष्ट पॅरिसला कळविणें हा एकच सरळ उपाय होता, आणि तोच त्यानें केला नाहीं. दुसऱ्या वेधांचें फळ त्यानें आपल्याजवळ लपवून ठेविलें.

ह्या गुपितानें त्याचीं पुढचीं दहा वर्षें पोखरून काढलीं. 1794 सालीं स्पेनमधून सुटका झाल्यावर तो जेनोआ येथें जाऊन राहिला व घरीं परतण्याची टाळाटाळ करूं लागला. 1795 मध्यें काम पुन्हा सुरू झालें. परंतु पूर्वीची धडाडी गेली होती. एकेका शिखरावर दिवसच्या दिवस जात. शेवटीं 1798 सालीं त्याची पत्नी मुलांना मागें ठेवून त्याला धीर द्यावयास दक्षिणेकडे गेली, तेव्हां कोठें रोदेझपर्यंतची सांखळी पुरी झाली. उत्तरेकडील काम आटोपून आलेल्या देलांब्रनें त्याला समजावून पॅरिसला नेलें. तेथें मित्रराष्ट्रांचे शास्त्रज्ञ सर्व आंकडे तपासण्यासाठीं जमले होते. देलांब्रनें आपल्या मूळ वह्या सभेपुढें ठेविल्या. मेशँनें मात्र स्वतः लिहून काढलेला नीटनेटका गोषवारा दिला. त्यांतील आंकड्यांचा परस्परमेळ पाहून सभेनें त्याची अतोनात स्तुति केली. ती स्तुति ऐकतांना त्याच्या मनाला काय वाटलें असेल, ह्याचा विचार वाचकांनींच करावा. 22 जून 1799 रोजीं प्लॅटिनमची मीटरपट्टी राष्ट्राच्या दप्तरखान्यांत समारंभानें ठेवण्यांत आली.

मेशँ पॅरिसच्या वेधशाळेचा मुख्य झाला. मान, पद, कीर्ति सारें मिळालें. शांति मिळाली नाहीं. मापनरेषा बार्सिलोनाच्या दक्षिणेस समुद्रांतील बालेआरिक बेटांपर्यंत नेली तर ते संशयास्पद अक्षांश हिशेबांतूनच वगळतां येतील, ह्या आशेनें त्यानें 1803 सालीं पुन्हा स्पेनला जाण्याचा हट्ट धरला. वय साठीच्या घरांत आलेलें, प्रकृति खालावलेली. तरीही तो तापाच्या प्रदेशांतून शिखरामागून शिखर चढत राहिला. 20 सप्टेंबर 1804 रोजीं कास्तेयोन ह्या गांवीं ज्वरानें त्याचा अंत झाला.

त्याचीं कागदपत्रें देलांब्रच्या हातीं आलीं व सारा उलगडा झाला. पुष्कळसें लिखाण शिसपेन्सिलीचें असून आंकडे ठिकठिकाणीं खोडून बदललेले होते. देलांब्रनें काय करावें? प्रसिद्धि दिली तर मृत मित्राची अब्रू जाणार. जाळून टाकलें तर सत्याचा घात होणार. त्यानें मधला पण सचोटीचा मार्ग धरला. मूळ आंकडे शाईनें स्पष्ट करून ते कागद त्यानें वेधशाळेंत जतन करून ठेविले. आणि 1806 ते 1810 ह्या काळांत ह्या कार्याचा जो तीन खंडांचा ग्रंथ त्यानें प्रसिद्ध केला, त्यांत बार्सिलोनाच्या दोन वेधांतील फरक वाचकांपुढें मांडला. मित्राच्या परिश्रमांचा गौरव करण्यासही तो चुकला नाहीं.

आतां सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट सांगतों. मेशँच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनीं, 1828 सालीं, निकोले नांवाच्या ज्योतिष्यानें तेच आंकडे घेऊन निराळी मांडणी केली. डोक्यावरील बिंदूच्या उत्तरेकडून जाणारे तारे व दक्षिणेकडून जाणारे तारे वेगळे करून त्यानें दोहोंची सरासरी काढली, तेव्हां तो भयंकर फरक जवळजवळ नाहींसा झाला! दोष मेशँच्या डोळ्यांत नव्हता; यंत्राला एका बाजूची किंचित् ओढ लागलेली होती. शंभर वेळां वेध घेतले तरी यंत्राची ती ओढ शंभर वेळां तशीच येणार. आंकडे एकमेकांशीं जुळणें निराळें आणि सत्याशीं जुळणें निराळें, हा भेद त्या वेळीं शास्त्रज्ञांनाही स्पष्ट झालेला नव्हता. म्हणजे ज्या गोष्टीची लाज वाटून मेशँनें दहा वर्षें तळमळ सोसली, ती लपविण्याजोगी नव्हतीच. सहकाऱ्यांपुढें ती ठेविली असती तर कदाचित् ह्या भेदाचा शोध त्याच्याच नांवावर लागला असता.

मीटरच्या लांबींत थोडी उणीव राहिली हें खरें आहे. पृथ्वीचा तो चतुर्थांश एक कोटि मीटर नसून त्याहून सुमारें 2000 मीटर अधिक भरतो. म्हणजे मीटर सुमारें पंचमांश मिलिमीटरानें आंखूड आहे. ह्याचें मुख्य कारण त्या तीन विकला नव्हेत. पृथ्वीचा आकार गणितांत धरला होता तितका नियमित नाहीं, हें होय. तथापि माप एकदां ठरलें तें ठरलें. फ्रेंच लोकांनींही तें सहजासहजीं स्वीकारलें नाहीं. 1812 मध्यें नेपोलियननें जुन्या मापांना पुन्हा मोकळीक दिली व 1840 पासून मीटर तेथें सक्तीचा झाला. 1875 च्या मे महिन्यांत सतरा राष्ट्रांनीं पॅरिस येथें मीटरचा करार केला. 1983 पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून केली जाते. परंतु लांबी मेशँ व देलांब्र ह्यांच्या पट्टीचीच ठेविली आहे. आपल्या देशांत 1956 च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि हळूहळू मण, शेर व छटाक मागें पडले.

आमच्या महाराष्ट्रालाही ह्या प्रकारच्या तपश्चर्येची एक खूण लाभली आहे. त्रिकोणांची तीच रीत घेऊन कर्नल लॅम्बटन ह्यानें 1802 सालीं मद्रासजवळून हिंदुस्थानच्या मोजणीस आरंभ केला, आणि वीस वर्षें मोजीत मोजीत उत्तरेकडे येत असतां 1823 सालीं वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें तो मरण पावला. त्याची कबर तेथेंच आहे.

मुलांनो, प्रयोगशाळेंत तुमचें उत्तर पुस्तकांतील उत्तराशीं जुळत नाहीं, तेव्हां वहींतील आंकडा हळूच बदलण्याचा मोह तुम्हांला होतो. पालकहो, उत्तर चुकलें म्हणून मुलाला आपण रागें भरलों, तर तो पुढच्या वेळीं खरा आंकडा आपल्याला दाखविणार नाहीं. मेशँ लबाड नव्हता. त्याच्याइतका कष्टाळू मनुष्य विरळा. परंतु निर्दोष दिसण्याच्या भीतीनें त्याला एकटें पाडलें, आणि जें ओझें चार मित्रांनीं मिळून सहज उचललें असतें तें त्याला मरेपर्यंत एकट्यानें वाहावें लागलें. जो आंकडा दिसला तोच लिहावा, जुळला नाहीं तर जुळला नाहीं असें लिहावें, आणि गुरुजनांना विचारावें. ज्या मीटरनें आपण रोज कापड मोजतों, त्याच्यामागें हा धडा उभा आहे.