गायरानांचे कैवारी जोतीराव

मुलींच्या शिक्षणासाठी झटणारे महात्मा जोतीराव फुले सर्वांना परिचित आहेत. परंतु रानांच्या कारभाराविषयीही त्यांनी खोल विचार केला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली एका माळी कुटुंबात झाला. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली व पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. शेतकऱ्यांची दैना ते डोळ्यांनी पाहत होते.

त्या काळी लोहमार्गांसाठी लाकूड अपार लागे. बेसुमार तोडीने डोंगर उघडे पडू लागले, म्हणून १८६४ साली सरकारने जंगलखाते सुरू केले. १८७८ च्या कायद्याने राखीव, संरक्षित व गावजंगल असे वर्ग ठरले. राखीव रानात परवानगीवाचून गुरे चारणे वा लाकूड तोडणे गुन्हा झाला. वनांचे रक्षण आवश्यकच होते. परंतु ज्यांची गुरे पिढ्यानपिढ्या त्या रानांत चरत होती, त्यांनी काय करावे?

१८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीरावांनी हा प्रश्न मांडला. गायराने जंगलखात्यात गेली, की चारा तुटतो. चारा तुटला, की गुरे घटतात. गुरे घटली, की शेणखत आटते आणि शेत निकस होते. डोंगरावरचा कुजलेला पालापाचोळा पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरतो व जमिनीला कस देतो, हेही त्यांनी दाखवून दिले. कळसाडीसारख्या खेड्यात गुरे राखणाऱ्या मुलालाही हे नाते सहज कळेल.

केवळ दोष दाखवून जोतीराव थांबले नाहीत. हे जुलमी खाते मोडून गायराने गावांना परत द्यावीत. सरपण घेऊ द्यावे, पण विक्रीसाठी वृक्षतोड करण्यास सक्त मनाई असावी. पाणी जिरावे म्हणून ताली व बंधारे बांधावेत, असे उपाय त्यांनी सुचविले.

१८८८ साली पुण्यात इंग्लंडच्या राजपुत्रास मेजवानी दिली गेली. तेथे जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले व रयतेचे दुःख त्यांनी निर्भयपणे सांगितले. त्याच वर्षी मुंबईच्या जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. १८९० साली त्यांचे निधन झाले.

पुढे २००६ च्या कायद्याने आदिवासी व इतर वननिवासींचे चराईचे आणि वनोपजाचे हक्क मान्य केले, तसेच रान राखण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला. ज्यांचे जीवन रानावर अवलंबून आहे, त्यांना दूर लोटून रान राखता येत नाही, हे जोतीरावांनी फार पूर्वीच ओळखले होते.