मायबाखचं जेट आणि आपल्या टाकीतलं ई२०

नागपुरात जुनी कार्बोरेटरवाली बाईक चालवत असाल, तर हे ओळखीचं वाटेल: सकाळी चोक दिल्याशिवाय गाडी चालू होत नाही, आणि एकदम रेस दिली की मिसिंग मारते. माझ्या बाईकचं हेच झालं. कारण शोधता शोधता पोचलो विल्हेल्म मायबाखपर्यंत. हो, महागड्या गाड्यांवर असतं तेच नाव.

मायबाखचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतल्या हाइलब्रॉनला झाला. दहाव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघंही गेले. रॉयटलिंगेनच्या एका संस्थेनं त्याला सांभाळलं, तिथेच तो ड्रॉइंग शिकला. तिथल्याच कारखान्यात त्याला गॉटलिब डाइमलर भेटला. १८८५ मध्ये दोघांनी लाकडी दुचाकीवर पेट्रोल इंजिन बसवलं. नाव जास्त डाइमलरचं झालं, पण ड्रॉइंग बोर्डवर मायबाख असायचा.

त्या काळी हवा पेट्रोलवरून ओढून वाफेसकट इंजिनात नेत. हलका भाग आधी उडून जायचा आणि मिश्रण सतत बदलायचं. १८९३ मध्ये मायबाखनं फवाऱ्याचा कार्बोरेटर आणला. फ्लोट पेट्रोलची पातळी स्थिर ठेवतो आणि आत ओढली जाणारी हवा जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल खेचते. तुमच्या बाईकमध्ये आजही हेच चालतं.

१९०० मध्ये डाइमलर वारला. त्याच वर्षी मायबाखनं ३५ हॉर्सपॉवरची पहिली मर्सिडीज बनवली, दोन कार्बोरेटरवाली. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत तिनं बाकीच्यांना मागे टाकलं. तरीही १९०७ मध्ये त्याला कंपनी सोडावी लागली, वयाच्या ६१ व्या वर्षी. मग मुलगा कार्ल आणि तो झेपेलिन हवाई जहाजांच्या इंजिनांकडे वळले. २९ डिसेंबर १९२९ रोजी तो गेला.

आता आपल्या बाईककडे येऊ. जेटचं भोक एका ठरावीक इंधनाच्या हिशोबानं ठेवलेलं असतं. १ किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९, कारण त्यात ऑक्सिजन आधीच असतो. ई२० ला लागते साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ९ टक्के जास्त इंधन हवं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं.

म्हणून आधी कार्बोरेटर साफ करा. मग प्लग काढून बघा: फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर इंधन कमी पडतंय. निडलची क्लिप एक खाच खाली घ्या. पूर्ण रेसवरही कमी पडत असेल, तर व्यासानं साधारण ४ टक्के मोठा मेन जेट लावा, म्हणजे १०० नंबरच्या जागी १०५ च्या आसपासचा. एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक बदलानंतर प्लग पुन्हा बघा.