नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस

नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस (१८५९ – १९३६) हे भूचुंबकत्वाचे अभ्यासक आणि मुंबईतील कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. १८९६ ते १९१९ या काळात त्यांनी हे पद सांभाळले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर कुलाब्यातील चुंबकीय मोजमापे धोक्यात आली. ती अलिबाग येथे हलवून नोंदींची मालिका अखंड ठेवण्याचे काम त्यांच्या कारकिर्दीत झाले. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे त्यांनी केलेले विवेचन १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले.

पूर्वायुष्य

मूस यांचा जन्म मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. त्यांनी एडिंबरो विद्यापीठाची बी.एस्सी. ही पदवी घेतली. पुढे ते एडिंबरोच्या रॉयल सोसायटीचे सदस्यही झाले. मुंबईत परतल्यावर त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केले. या कॉलेजाचा आणि वेधशाळेचा संबंध जुना होता. कुलाब्यात चुंबकीय निरीक्षणांना १८४१ मध्ये आरंभ करणारे ऑर्लेबार हेही तेथीलच प्राध्यापक होते.

कुलाबा वेधशाळेतील मोजमापे

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केलेल्या या वेधशाळेचे मूळ काम खगोल निरीक्षण आणि बंदरातील जहाजांसाठी अचूक वेळ राखणे हे होते. चुंबकीय नोंदी १८४६ पासून नियमित झाल्या. सुरुवातीला निरीक्षक ठरावीक वेळी उपकरणाजवळ जाऊन आकडा डोळ्यांनी वाचत आणि वहीत लिहीत. मूस यांच्या आधीचे संचालक चार्ल्स चेंबर्स यांच्या काळात छायाचित्रणावर चालणारे चुंबकलेखक आले आणि नोंद दिवसरात्र आपोआप होऊ लागली.

चुंबकलेखकाची रचना साधी पण नाजूक असते. टांगलेल्या चुंबकाला छोटा आरसा जोडलेला असतो. दिव्याचा किरण त्या आरशावरून परावर्तित होऊन घड्याळाच्या यंत्रणेने फिरणाऱ्या रुळावरील प्रकाशसंवेदी कागदावर पडतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित बदल झाला की चुंबक वळतो, किरण सरकतो आणि कागदावर रेघ उमटते. आडव्या दिशेला काळ आणि उभ्या दिशेला राशीचे मान, ही मांडणी पुढे ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरही दिसते. मात्र तेथे आरशाच्या जागी इलेक्ट्रॉनांचा झोत असतो. त्यासाठी लागणारी कॅथोड किरण नलिका कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये, म्हणजे मूस संचालक झाल्याच्या पुढच्याच वर्षी, तयार केली.

आज ऑसिलोस्कोप संगणकाला जोडला की संकेताचे मोजलेले आकडे थेट साठवले जातात. कुलाब्यात ते काम माणसे करीत. कागद धुऊन वाळवायचा, पट्टीने प्रत्येक तासाची उंची मोजायची, तापमानाची दुरुस्ती करायची आणि तक्ता भरायचा. क्षेत्राच्या एकाच घटकाचे तासागणिक आकडे वर्षाला ८,७६० होतात. दिक्पात, क्षैतिज घटक आणि ऊर्ध्व घटक असे तिन्ही धरले तर ही संख्या २६,२८० वर जाते. मूस यांच्या ग्रंथामागचे कष्ट समजून घेण्यासाठी हा हिशेब ध्यानात ठेवावा लागतो.

मूस यांच्या कारकिर्दीत, १८९८ मध्ये, कुलाब्यात मिल्न भूकंपलेखकही बसवण्यात आला.

ट्रामगाड्यांचा प्रश्न

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ पासून होती आणि तिचा एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीला जात असे. घोड्यांमुळे चुंबकसूचीला कोणताही उपद्रव नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी ट्राम विजेवर चालवण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा परिस्थिती बदलली. ट्रामला लागणारा एकदिश विद्युतप्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. त्यातील काही भाग रुळांतून जमिनीत झिरपतो. तारेतील, रुळांतील आणि जमिनीतील या प्रवाहांभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि गाडी सुटली, थांबली की ते बदलते. चुंबकलेखकाला सूर्यामुळे झालेला बदल आणि ट्राममुळे झालेला बदल यांतला फरक कळत नाही. एकदा कागदावर मिसळलेला हा उपद्रव नंतर वेगळा काढण्याचा उपायही त्या काळी नव्हता.

असे संकट मुंबईपुरते मर्यादित नव्हते. टोरंटोची चुंबकीय वेधशाळा याच कारणाने १८९८ मध्ये शहराबाहेर अ‍ॅजिनकोर्ट येथे गेली होती, तर लंडनजवळच्या क्यू येथील काम पुढे स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर येथे हलवण्यात आले. मुंबईत मात्र ट्रामला विरोध करून मोजमापे वाचली नसती. शहराला वाहन हवे होते आणि ही मागणी रास्तच होती.

अलिबागला स्थलांतर

नव्या जागेसाठी मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबागची निवड झाली. विजेच्या ट्रामचा परिणाम पोहोचणार नाही इतके ते दूर होते, आणि कुलाब्याच्या नोंदींशी तुलना करता येईल इतके जवळ. (अलिबाग त्या वेळी कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. जिल्ह्याचे नाव तेथील जलदुर्गावरून पडले होते. मुंबईतील कुलाब्याशी त्याचा घोटाळा जुन्या कागदपत्रांत सहज होतो.)

वेधशाळेची इमारत पोरबंदरी दगडात बांधण्यात आली आणि बांधकामात लोखंड टाळण्यात आले. उपकरणांच्या खोलीभोवती दुसऱ्या खोलीचे कवच ठेवल्याने आतील तापमान जवळजवळ स्थिर राहते.

अलिबागचे काम १९०४ मध्ये सुरू झाले, पण कुलाब्याचे लगेच बंद केले गेले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन जागांतील स्थायी फरक त्यामुळे ठरवता आला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. ही दोन वर्षे वगळली असती, तर साठ वर्षांच्या नोंदी तेथेच तुटल्या असत्या. मुंबईत पहिली विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. पुढे गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांतही तिचे जाळे पसरले.

१९१० चा ग्रंथ

मूस यांच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात नोंदी व उपकरणांची माहिती आणि दुसऱ्या भागात त्यांचे विवेचन आहे. त्यातील चुंबकीय वादळांचा अभ्यास विशेष महत्त्वाचा मानला जातो. एकेक वादळ वेगळे पाहिले तर त्याची रेघ अस्ताव्यस्त दिसते. मूस यांनी अनेक वादळांच्या नोंदी प्रत्येकाच्या आरंभक्षणापासून मोजून एकत्र केल्या व त्यांची सरासरी काढली. तेव्हा एक समान आकार दिसून आला. प्रथम क्षैतिज घटक थोडा वाढतो, मग काही तासांत बराच खाली येतो आणि त्यानंतर काही दिवसांत हळूहळू पूर्ववत होतो. सिडनी चॅपमन यांनी चुंबकीय वादळांवर पुढे केलेल्या संशोधनात हीच दिशा विस्तारली.

नंतरचा काळ

मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईतील ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची बंद झाली. कुलाबा व अलिबाग येथील कार्यातून १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वायत्त संस्था झाली. अलिबागच्या नोंदी आता अंकीय स्वरूपात घेतल्या जातात.

मूस यांच्या जन्मवर्षीच, सप्टेंबर १८५९ मध्ये, कॅरिंग्टन वादळ म्हणून ओळखले जाणारे प्रचंड सौर वादळ आले होते. त्या वेळी कुलाब्यातील निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून लिहिलेले आकडे २००३ मध्ये नव्याने तपासण्यात आले. क्षैतिज घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घट झाल्याचे त्यांतून आढळले.