वॉर्साचे म्हातारे डॉक्टर

पुणे आकाशवाणीवरील ‘बालोद्यान’ ऐकत जी पिढी वाढली, तिला रेडिओवरच्या माणसाशी मुलांचे नाते कसे जडते हे निराळे सांगावयास नको. तो माणूस दिसत नाही, भेटत नाही. पण ठरल्या वेळी आला नाही की मूल हिरमुसते. पोलंडमधील मुलांचे असे नाते १९३४ सालच्या अखेरीपासून एका आवाजाशी जडले. तो आवाज केवळ ‘म्हातारे डॉक्टर’ म्हणून ओळखला जाई. त्याला आपले नाव सांगण्याची मुभा नव्हती.

त्या आवाजाचे धनी होते यानुश कोर्चाक. हेही टोपणनावच. खरे नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म वॉर्सा येथील सुशिक्षित ज्यू कुटुंबात, २२ जुलै रोजी; मात्र वडिलांनी वेळेवर नोंद न केल्याने साल १८७८ की १८७९ हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला. १९०५ साली ते डॉक्टर झाले, मुलांच्या रुग्णालयात त्यांनी नाव कमावले, आणि चांगली चाललेली वैद्यकी बाजूस सारून १९१२ मध्ये क्रोखमाल्ना रस्त्यावरील अनाथ ज्यू मुलांच्या वसतिगृहाची धुरा स्तेफानिया विल्चिन्स्का यांच्यासह खांद्यावर घेतली. या वसतिगृहात मुलांचे न्यायालय होते, न्यायाधीशही मुलेच. त्याच्या संहितेतील बहुतेक कलमे क्षमेची होती. कोर्चाक स्वतः एकदा सहा महिन्यांत पाच वेळा या न्यायालयापुढे उभे राहिले होते. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनीच लिहावयाचे साप्ताहिक वृत्तपत्र सुरू केले. एका ज्यू दैनिकाची पुरवणी म्हणून ते १९३९ पर्यंत निघत राहिले. छोट्या राजा माचूशची त्यांची कथा तर पोलंडमध्ये घरोघरी वाचली गेली.

असा लेखक रेडिओला हवा होता. त्याचे नाव मात्र नको होते. एक ज्यू मनुष्य पोलिश मुलांना वळण लावतो, अशी ओरड होईल ही अधिकाऱ्यांना धास्ती. ही अट कोर्चाकांनी मान्य केली. हा कमीपणा त्यांनी का सोसला, असे कोणी विचारील. प्रस्तुत लेखकास वाटते की, यंत्रापलीकडे बसलेले, कदाचित आजारी, कदाचित एकटे मूल त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले असावे. पण अपमान तो अपमानच.

त्यांचे बोलणे त्या काळच्या निवेदकांसारखे नव्हते. मुलांसाठी म्हणून आवाज लाडिक करणे नाही, उपदेश तर नाहीच. हळू, विचार करीत, मध्येच थांबत ते बोलत. जणू तो विचार त्याच क्षणी सुचला असावा. रुग्णालयातील मुलांशी झालेल्या गप्पा, सुट्टीतल्या लहानसहान गोष्टी असे साधे विषय असत. १९३८ मध्ये ते बालपणीच्या, तारुण्यातील आणि वार्धक्यातील एकटेपणावर बोलले. मोठी माणसेही कामे बाजूला ठेवून ऐकू लागली, आणि पुढे या भाषणांतील काही १९३९ साली पुस्तकरूपाने निघाली.

मधल्या काळात, १९३६ मध्ये, ज्यूद्वेषाच्या लाटेत कार्यक्रम बंद पडला होता. नाव झाकूनही सुटका झाली नव्हती. दोन वर्षांनी रेडिओनेच त्यांना पुन्हा बोलावले. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन फौजांनी वॉर्साला वेढा घातला, तेव्हा म्हातारे डॉक्टर पुन्हा ध्वनिक्षेपकापुढे आले आणि भेदरलेल्या मुलांना धीर देत राहिले. शहर पडले आणि तो आवाज थांबला.

१९४० च्या नोव्हेंबरात वसतिगृहाला ज्यूंसाठी बंदिस्त केलेल्या वस्तीत हलवावे लागले. मुलांच्या बटाट्यांची गाडी जप्त झाली म्हणून जाब विचारावयास गेलेले कोर्चाक तुरुंगात पडले. सुटल्यावर साठी ओलांडलेला हा गृहस्थ दारोदार फिरून मुलांसाठी अन्न जमवी. १८ जुलै १९४२ रोजी त्या भिंतींच्या आड मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ सादर केले. खोलीत कोंडलेला, राजाच्या पत्राची वाट पाहणारा अमल त्या मुलांना परका कसा वाटावा? मरण जवळ आले असता त्याला शांतपणे सामोरे जाता यावे म्हणून कोर्चाकांनी हे नाटक निवडले, असे सांगतात.

त्यानंतर तीन आठवडेही गेले नाहीत. ऑगस्टच्या आरंभी सुमारे दोनशे मुलांना रांगेने आगगाडीकडे नेण्यात आले. कोर्चाकांना लपवून ठेवण्याची तयारी मित्रांनी पूर्वीच दाखविली होती. त्यांनी ती नाकारली होती. विल्चिन्स्काबाईंसह ते मुलांबरोबर चालत गेले. त्रेब्लिंका येथील मृत्यूछावणीतून त्यांपैकी कोणीही परतले नाही.

ज्या आवाजासाठी मुले रेडिओपाशी जमत, त्याचे एकही ध्वनिमुद्रण आज शिल्लक नाही. त्रेब्लिंका येथे स्मारक म्हणून सुमारे सतरा हजार शिळा उभ्या आहेत. त्यांवर नावे आहेत ती गावांची, आणि पुष्कळशा तर कोऱ्याच. व्यक्तीचे नाव कोरलेली शिळा एकच आहे. तिच्यावर यानुश कोर्चाक आणि हेन्रिक गोल्डश्मिट ही दोन्ही नावे असून त्यांच्यासोबत मुलांचाही उल्लेख आहे.