पायाभूत वर्गाचे आचार्य : प्रफुल्लचंद्र राय

भारतीय रसायनशास्त्राचे जनक म्हणून आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव देशभर आदराने घेतले जाते. संशोधक, उद्योजक आणि इतिहासकार अशी त्यांची ओळख आहे. मात्र या साऱ्या कार्याचा उगम कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका वर्गात होता. ज्येष्ठ प्राध्यापक झाल्यानंतरही महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्राचे प्राथमिक धडे देण्याचे काम त्यांनी स्वतःकडे ठेवले होते. कोवळ्या वयात विषयाची गोडी लागली, तरच पुढे संशोधक घडतो, अशी त्यांची धारणा होती.

या धारणेमागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. 2 ऑगस्ट 1861 रोजी आजच्या बांगलादेशातील खुलना जिल्ह्यातल्या राडुली गावी त्यांचा जन्म झाला. ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकत असताना विज्ञानाच्या व्याख्यानांसाठी ते बाहेरचे विद्यार्थी म्हणून प्रेसिडेन्सी कॉलेजात जात. तेथे अलेक्झांडर पेडलर यांनी वर्गात करून दाखवलेल्या प्रयोगांनी त्यांना भारून टाकले. एका सहाध्यायाच्या खोलीत त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली. पातळ पत्र्यापासून बनवलेल्या उपकरणाचा एकदा स्फोटही झाला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. साहित्य आणि इतिहासाची ओढ असलेला हा तरुण रसायनशास्त्राकडे वळला, तो असा.

गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून 1882 मध्ये ते एडिनबरोला गेले आणि 1887 मध्ये त्यांनी डी.एस्सी. पदवी संपादन केली. परंतु मायदेशी परतल्यावर पदवीपेक्षा वंश महत्त्वाचा ठरला. शिक्षण खात्यातील वरची पदे व्यवहारात युरोपीयांसाठी राखीव होती. जवळपास वर्षभर प्रतीक्षा केल्यानंतर 1889 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा 250 रुपयांवर तात्पुरते सहायक प्राध्यापकपद त्यांच्या वाट्याला आले. भारतीय माणूस प्रायोगिक विज्ञानात मौलिक काम करू शकत नाही, हा समज तेव्हा रूढ होता. त्या समजाला उत्तर देण्याचे साधन राय यांना वर्गात सापडले.

त्यांचे अध्यापन प्रयोगावर उभे होते. व्याख्यानाइतकीच प्रयोगाची तयारीही ते काटेकोरपणे करीत. मूलद्रव्यांची माहिती देताना ती शोधणाऱ्यांची चरित्रे ते सांगत आणि प्राचीन भारतातील रसविद्येचा वारसाही उलगडून दाखवत. त्यांच्या वर्गातील एक प्रयोग विशेष गाजला. हाड जाळून उरलेली पांढरी राख ते सर्वांदेखत तोंडात टाकत. जळाल्यानंतर उरते ते केवळ कॅल्शियम फॉस्फेट; ते हाड कोणत्या प्राण्याचे होते, याची कोणतीही खूण त्यात शिल्लक राहत नाही, हा त्याचा अर्थ होता. हाडाचा स्पर्शही विटाळ मानणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांसाठी हा रसायनशास्त्राबरोबरच विवेकाचाही धडा होता.

वर्गाबाहेरही हाच धडा चालू राहिला. शिकलेल्या तरुणांनी कारकुनीच्या मागे न धावता उद्योग उभारावेत, या हेतूने 1892 मध्ये सुमारे 700 रुपयांच्या भांडवलावर त्यांनी राहत्या घरी औषधनिर्मिती सुरू केली. कच्च्या मालासाठी छतावर वाळत घातलेल्या हाडांबद्दल शेजाऱ्यांनी तक्रारीही केल्या. याच खटाटोपातून 1901 मध्ये ‘बेंगॉल केमिकल’ ही कंपनी आकाराला आली. 1896 मध्ये मर्क्युरस नायट्राइटवरील संशोधनाने त्यांना जगभर मान्यता मिळवून दिली. 1902 आणि 1909 मध्ये हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड प्रकाशित झाले.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले कोलकात्यात राय यांचे शेजारी आणि स्नेही होते. 1902 च्या सुमारास त्यांनीच महात्मा गांधींशी राय यांचा परिचय करून दिला. मासिक 800 रुपये वेतनातून स्वतःसाठी केवळ 40 रुपये ठेवून उरलेली रक्कम लोककार्याला देणारा अविवाहित प्राध्यापक, अशी ती ओळख होती.

त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेल्यांची नामावली थक्क करणारी आहे. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी पुढे भौतिकशास्त्रात जागतिक कीर्ती मिळवली. नीलरतन धर आणि ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी यांनी रसायनशास्त्राच्या नव्या शाखा देशात रुजवल्या, तर ज्ञानचंद्र घोष खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले.

1916 मध्ये प्रेसिडेन्सीतून निवृत्त झाल्यावर राय कोलकाता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात रुजू झाले. वयाची साठी पूर्ण झाल्यावर, 1921 पासून, त्यांनी आपले संपूर्ण वेतन रसायनशास्त्र विभागाच्या विकासासाठी विद्यापीठाला अर्पण केले आणि 1936 पर्यंत ते त्याच पदावर कार्यरत राहिले. पुढच्याच वर्षी, 1922 मध्ये, उत्तर बंगालात महापूर आला, तेव्हा मदतकार्याचे नेतृत्व त्यांनी केले. 1924 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन केमिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष होते.

अखेरची अनेक वर्षे त्यांचे वास्तव्य विज्ञान महाविद्यालयाच्या इमारतीतील एका साध्या खोलीतच होते. तेथेच 16 जून 1944 रोजी त्यांचे निधन झाले. संसार न थाटलेल्या या शिक्षकाने आपली मिळकत आणि आपले आयुष्य विद्यार्थ्यांच्याच नावे केले होते. स्वतंत्र भारताच्या विज्ञानसंस्था उभारण्याची वेळ आली, तेव्हा त्यातील अनेकांची धुरा त्याच विद्यार्थ्यांनी वाहिली.