शिमोड्यातील एकाकी वकील

जपान आणि अमेरिका यांच्या संबंधांचा विषय निघाला की बहुतेकांना आठवतो तो कमोडोर मॅथ्यू पेरी आणि त्याची काळी जहाजे. १८५४ मध्ये तोफांच्या धाकाने पेरीने कानागावाचा तह पदरात पाडून घेतला, हे खरे. परंतु त्या तहात मुक्त व्यापाराला स्थान नव्हते. जहाजांना कोळसा, पाणी व शिधा मिळावा आणि वादळात सापडलेल्या खलाशांना आसरा मिळावा, एवढीच त्याची मजल होती. दोन देशांतील देवघेवीचा दरवाजा प्रत्यक्षात उघडला तो टाउनसेंड हॅरिस नावाच्या एका प्रौढ, अविवाहित व्यापाऱ्याने. त्याच्या दिमतीला ना आरमार होते, ना फौज.

हॅरिसचा जन्म १८०४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सँडी हिल या गावी झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो न्यूयॉर्क शहरातील दुकानात कामाला लागला. पुढे भावाबरोबर चिनी मातीच्या भांड्यांच्या आयातीचा व्यवसाय केला. शिक्षणाची भूक मात्र शमली नव्हती. परकीय भाषा तो स्वतःच शिकला. शहराच्या शिक्षण मंडळाचा अध्यक्ष झाल्यावर त्याने गरिबांच्या मुलांना विनामूल्य उच्च शिक्षण देणाऱ्या संस्थेसाठी आग्रह धरला. १८४७ मध्ये स्थापन झालेली 'फ्री अॅकॅडमी' म्हणजेच पुढचे न्यूयॉर्कचे सिटी कॉलेज. त्याच वर्षी आई वारली. त्या आघातानंतर व्यवसायातून मन उडाले आणि १८४९ मध्ये तो पूर्वेकडच्या समुद्रात व्यापारासाठी निघून गेला.

वॉशिंग्टनने जपानसाठी पहिला कॉन्सल जनरल म्हणून त्याची निवड केली, तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. वाटेत सयामशी व्यापारी तह करून ऑगस्ट १८५६ मध्ये तो शिमोडा बंदरात उतरला. स्वागत अर्थातच झाले नाही. कानागावाच्या तहाच्या इंग्रजी मसुद्यानुसार दोहोंपैकी एका सरकारला गरज वाटली तरी कॉन्सल नेमता येणार होता. जपानी मसुद्यानुसार दोन्ही सरकारांना तशी गरज वाटायला हवी होती. हा भाषांतरातला घोळ हॅरिसच्या मुळावर आला. त्याने परत जावे, अशी जपानी अधिकाऱ्यांची अपेक्षा होती. तो हटला नाही. अखेर ग्योकुसेन्जी या बौद्ध मंदिरात त्याची सोय झाली आणि ४ सप्टेंबर १८५६ रोजी तेथे अमेरिकेचा ध्वज चढला.

त्यानंतरचे वर्ष म्हणजे जवळजवळ अज्ञातवासच होता. त्याला आणून सोडणारे जहाज निघून गेल्यावर दुसरे अमेरिकी जहाज येण्यास वर्ष लोटले. प्रकृती ढासळली. सोबतीला होता तरुण डच दुभाषी हेन्री ह्यूस्केन. हॅरिसचे इंग्रजी ह्यूस्केन डचमध्ये सांगे, जपानी दुभाषी ते डचमधून जपानीत नेत. उत्तर याच वाटेने उलट येई. हॅरिसची चिकाटी या वर्षात दिसते. ओकिची नावाच्या तरुणीची आणि त्याची प्रेमकथा नाटक-सिनेमांनी अजरामर केली असली, तरी तिला काही दिवसांतच परत पाठवण्यात आले, एवढाच तिचा आधार.

शोगुनला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय अध्यक्षांचे पत्र देणार नाही, हा त्याचा हेका अखेर फळाला आला. डिसेंबर १८५७ मध्ये एडोच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या टोकियोत, शोगुन तोकुगावा इएसादापुढे तो उभा राहिला. त्याने दंडवत घातला नाही, केवळ लवून अभिवादन केले. मग महिनोन् महिने वाटाघाटी चालल्या. चीनशी लढत असलेले ब्रिटिश आणि फ्रेंच उद्या मोठे आरमार घेऊन येथे येतील, त्यापेक्षा एकट्या दूताशी सन्मानाने करार करणे शहाणपणाचे, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. पेरीच्या तोफा त्याने नाकारल्या, पण दुसऱ्यांच्या तोफांचे भय पुरेपूर वापरले, असेच म्हणावे लागेल.

ज्येष्ठ मंत्री होत्ता मासायोशी सम्राटाच्या संमतीसाठी क्योटोला गेला आणि रिकाम्या हाताने परतला. चीनने शरणागतीचे तह केल्याची वार्ता येताच ई नाओसुकेच्या राजवटीने संमतीविनाच पाऊल उचलले. २९ जुलै १८५८ रोजी 'पोहॅटन' जहाजावर सह्या झाल्या. कानागावा, नागासाकी, निगाता आणि ह्योगो ही बंदरे टप्प्याटप्प्याने खुली होणार होती. अफूच्या आयातीस बंदी होती, बहुतेक मालावर २० टक्के जकात होती. १८६६ मध्ये पाश्चात्त्य राष्ट्रांनी मिळून ती ५ टक्क्यांवर आणली. परंतु परकीयांवर जपानी न्यायालयांचा अधिकार चालणार नव्हता, जकात ठरवण्याचे स्वातंत्र्यही गेले. त्यात नाण्यांचा विनिमय वजनास वजन असा ठरला. जपानात सोन्याचा भाव चांदीच्या सुमारे पाचपट, बाहेर पंधरापट. परिणाम व्हायचा तोच झाला. परकीय व्यापारी चांदी आणून सोने घेऊन गेले, महागाई भडकली आणि परकीयांवरचा रोष रस्त्यावर उतरला.

मार्च १८६० मध्ये ई नाओसुकेला किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर मारेकऱ्यांनी ठार केले. जानेवारी १८६१ मध्ये रात्री घरी परतणाऱ्या ह्यूस्केनवर तलवारी चालल्या. इतर देशांचे वकील निषेध म्हणून योकोहामाला निघून गेले. हॅरिस मात्र एडोतच राहिला. ह्यूस्केनच्या आईसाठी त्याने १० हजार डॉलरची भरपाई मिळवली. पुढच्याच वर्षी प्रकृतीच्या कारणास्तव तो मायदेशी परतला आणि २५ फेब्रुवारी १८७८ रोजी न्यूयॉर्कमध्ये निवर्तला.

त्याच्या तहातील न्यायविषयक अपमानास्पद कलमे १८९९ मध्ये गेली. जकातीचे पूर्ण स्वातंत्र्य जपानला १९११ मध्ये मिळाले. ह्योगो बंदर १८६८ मध्ये खुले झाले आणि शेजारच्या कोबेच्या नावाने भरभराटीला आले. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कंपनीने मुंबईशी नियमित जहाजसेवा सुरू केली, ती याच कोबेहून. जपानच्या गिरण्यांना त्या जहाजांतून हिंदुस्थानचा कापूस जात असे.