शेठ वालचंद हिराचंद व त्यांची मोटार

सोलापुराहून अक्कलकोटास जाणारी सडक आमच्या वळसंग गावावरून जाते. या सडकेवर पूर्वी ज्या खासगी मोटारी दिसत, त्यांपैकी पुष्कळशा ‘फियाट’ जातीच्या असत, व त्या मुंबईस कुर्ला येथील कारखान्यात तयार होत. तो कारखाना ज्यांनी उभारला ते शेठ वालचंद हिराचंद याच सोलापूर शहरी जन्मास आले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते. सोलापुरातील वालचंद महाविद्यालयाची पाटी सर्वांनी वाचलेली असते. पाटीवरचा माणूस मात्र अनोळखीच राहतो.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी झाला. घराणे दिगंबर जैन, मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, आडनाव दोशी. कापसाच्या व सावकारीच्या व्यापारानिमित्त ते सोलापुरास येऊन स्थायिक झाले होते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत मुलास मातृवियोग घडला. सोलापुरात शालेय शिक्षण आटोपल्यावर ते मुंबईस सेंट झेवियर्स व पुण्यास डेक्कन या महाविद्यालयांत शिकले. परंतु पदवी न घेताच घरी परतले. घरच्या पेढीवर बसून व्याजाचे हिशेब लिहिणे त्यांस रुचेना. पेढी चांगली चालत असता ती सोडून धुळीत व दगडमातीत उतरणाऱ्या तरुणास त्या काळी लोकांनी वेडा म्हटले असेल, तर त्यात नवल नाही.

फाटक नावाच्या एका माजी रेल्वे कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा मक्ता घेतला. भांडवल वालचंदांचे व अनुभव फाटकांचा, अशी ती जोडी होती. पुढे कामे वाढत गेली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे व तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणारे अजस्र नळ ही त्यांच्या कंपन्यांची ठळक कामे होत. 1926 साली स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी हे याच उद्योगाचे फळ. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर व मालेगावजवळील रावळगाव येथील ऊसमळे व साखर कारखाने यांचा नुसता उल्लेख करून आम्ही पुढे जातो. त्यांवर स्वतंत्र लेख होईल.

जहाजांची कथा मात्र सांगितलीच पाहिजे. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज, जे पहिल्या महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरात होते, ते विकत घेऊन वालचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी 1919 साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. 5 एप्रिल 1919 रोजी ते जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पण प्रबळ इंग्रज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून या नव्या कंपनीचा श्वास कोंडला, व 1923 च्या कराराने तिला किनाऱ्यालगतच्या वाहतुकीवरच समाधान मानावे लागले. हा करार वालचंदांस जन्मभर सलत राहिला. आमच्या मते त्यांच्या पुढील सर्व धडपडीचे मूळ येथे आहे: परक्याच्या मर्जीवर चालणारे यंत्र आपले नव्हे, हे त्यांनी येथे ओळखले.

मोटारीचा विचार त्यांच्या मनात 1930 नंतरच्या दशकात पक्का झाला. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी देशी मोटार कारखान्याची योजना तयार केली होती, व वालचंद तिचे खंदे पुरस्कर्ते होते. 1939 साली अमेरिकन मोटार कंपन्यांशी बोलणी करण्यास ते अमेरिकेस गेले. परतीच्या प्रवासात विल्यम पॉली या विमान उद्योजकाशी त्यांची गाठ पडली, आणि गंमत अशी की, मोटारीसाठी गेलेला हा गृहस्थ विमानाचा कारखाना मनात घेऊन आला! म्हैसूर संस्थानच्या साह्याने डिसेंबर 1940 मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. 1942 साली सरकारने त्यांचा भाग विकत घेतला. 21 जून 1941 रोजी विशाखापट्टण येथे जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. मोटारीस मात्र युद्धकाळात सरकारने हात दिला नाही. तरीही क्रायस्लर कंपनीशी करार करून वालचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि 1947 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

या पहिल्या गाड्या परदेशाहून आलेले भाग जुळवून केलेल्या होत्या, म्हणून कित्येक टीकाकार नाके मुरडीत. टीका अगदीच निराधार नव्हती. परंतु जुळणीपासून आरंभ करून हळूहळू एकेक भाग येथेच घडवावयाचा, असा तो क्रम होता. मोटारीतील सुटा भाग किती क्षुद्र दिसतो व किती महत्त्वाचा असतो, हे विद्यार्थ्यांस कळावे म्हणून आम्ही येथे फ्यूजचे उदाहरण घेतो. विषयांतर वाटले तरी वाचकांनी ते चालवून घ्यावे.

मोटारीतील वीज बहुधा 12 व्होल्टची असते. 60 वॉटचा दिवा लावला तर त्यातून 60 भागिले 12, म्हणजे 5 अँपिअर प्रवाह वाहतो. तारेवरील वेष्टण झिजून ती गाडीच्या पत्र्यास टेकली, की प्रवाह एकदम अनेक पटींनी वाढतो व तार तापून पेट घेऊ शकते. तसे होण्यापूर्वीच स्वतः वितळून मार्ग तोडणारी बारीक पट्टी म्हणजे फ्यूज. जुन्या फियाट गाडीत चिनी मातीच्या लहान कांडीवर ही पट्टी उघडी बसविलेली असे. पांढरी कांडी 8 अँपिअरची, तांबडी 16 ची. आजच्या गाड्यांत प्लॅस्टिकमध्ये बसविलेले दोन पात्यांचे फ्यूज येतात. त्यांत तांबडा 10, निळा 15, पिवळा 20 व हिरवा 30 अँपिअरचा.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. एकच दिवा गेला असेल तर प्रथम दिव्याचाच संशय घ्यावा. पण भोंगा, काचपुसणी अशा दोनतीन गोष्टी एकदम बंद पडल्या, तर त्यांचा समाईक फ्यूज गेला असण्याचा संभव अधिक. किल्ली काढून घ्यावी, फ्यूजपेटीचे झाकण उघडावे, झाकणावरील अथवा पुस्तिकेतील आकृती पाहून नेमका फ्यूज चिमट्याने उपसावा व उजेडात धरावा. पट्टी तुटलेली दिसली तर तितक्याच अँपिअरचा नवा बसवावा. पट्टी शाबूत असूनही काम होत नसेल, तर जुन्या फियाटमध्ये कांडी जागच्या जागी दोनचार वेळा फिरवावी. चिमट्यांवर चढलेला गंज खरवडला जाऊन पुष्कळदा तेवढ्यानेच भागते. नवा फ्यूजही लगेच गेला, तर तिसरा घालू नये. तार कोठे घासली आहे ते शोधावे. फ्यूज हा रोग नव्हे, रोगाची वार्ता आहे.

आमच्या सडकेवर रात्री दिवे गेले म्हणून सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून, किंवा तांब्याच्या तारेचा तुकडा बसवून गाडी पुढे दामटणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. दिवे लागतात खरे. पण मग पुढचा बिघाड पट्टी न जळता सबंध तार जाळतो, आणि तारेबरोबर गाडीही. दहापाच रुपयांचे दोनचार फ्यूज पेटीत बाळगणे ज्यांस जड जाते, त्यांस काय म्हणावे?

असो. 14 मार्च 1948 रोजी विशाखापट्टणच्या कारखान्यातील पहिले जहाज ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले, तेव्हा वालचंदांच्या आयुष्यातील एक मोठी इच्छा पुरी झाली. पण त्यानंतर लवकरच, 1949 साली, त्यांस पक्षाघाताचा झटका आला. जो गृहस्थ एकाच वेळी जहाज, विमान व मोटार यांचे मनसुबे रचीत असे, तो अंथरुणास खिळला. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

फियाट कंपनीशी झालेल्या करारानुसार लहान गाड्यांची जुळणी त्यांच्या हयातीतच सुरू झाली होती. परंतु ज्या ‘1100’ गाडीने पुढे या देशाच्या सडका व्यापल्या, ती कुर्ल्याहून 1954 साली निघू लागली. ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. तिचाच पुढचा अवतार 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखला गेला. कारखान्यातील तिचे उत्पादन 2000 सालाच्या सुमारास थांबले, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये मुदत संपून रस्त्यावरून उतरली.